बी.आर्क. करून लँडस्केप की सरळ बी.एस्सी. हॉर्टिकल्चर? सांगली-मिरजेत राहून यात काम मिळतं का?

रोपवाटिका_मिरज

नमस्कार. मी यंदा बारावी सायन्सला आहे, मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेवलेत. आमची मिरजेच्या बाहेर नर्सरी आहे, मोठी नाही पण घर त्यावरच चालतं, त्यामुळं पिशव्या भरणं, कलम बांधणं, शेडनेट, खत-माती सगळं हाताखालून गेलंय. पप्पा म्हणतात बी.एस्सी. हॉर्टिकल्चर कर, घरचाच धंदा आहे, वाढव. मामा म्हणतात मॅथ्स चांगलं आहे तर सिव्हिल घे, वालचंदला नंबर लागला तर विषयच संपला. आणि मला लँडस्केप आर्किटेक्चर करायचंय.

हे डोक्यात आलं ते नर्सरीमुळंच. बंगलेवाले, अपार्टमेंटवाले टेम्पो भरून झाडं नेतात आणि पावसाळा झाला की परत येतात, झाडं मेली, तुमची रोपंच खराब होती म्हणून. पप्पा काही न बोलता बदलून देतात. मी पप्पांबरोबर अशा काही जागा बघायला गेले तर रोपांचा काहीच दोष नव्हता. काळी माती, वर फरशी, फरशीचा ढाळ सगळा झाडांच्याच बाजूला, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, मग मुळं कुजणारच की. एका ठिकाणी तर भिंतीपासून दोन फुटांवर रेन ट्री लावलेला, तो मोठा झाला की भिंतीचं काय होणार हे कुणी विचारलंच नव्हतं. झाड विकत आणायच्या आधी हे सगळं ठरवणारं माणूस पाहिजे, आणि ते काम मला करायचंय.

तर विचारायचं हे की यासाठी बारावीनंतर डायरेक्ट डिग्री आहे का, की आधी आर्किटेक्चरच करावं लागतं, सात वर्षं जातात असं ऐकलंय ते खरं का, आणि एवढं सगळं करून आपल्या भागात काम मिळतं का पुण्यालाच जावं लागतं? जे प्रत्यक्ष या लाइनमध्ये आहेत त्यांनी खरं काय ते सांगा, घरी बोलायचंय.

वाळुंज

मी सांगलीची, गावभागातली. बी.आर्क. केलं, मग लँडस्केपमध्ये मास्टर्स, आता पुण्यात प्रॅक्टिस आहे. तुझा ढाळाचा मुद्दा वाचून बरं वाटलं कारण आमच्या कामाची सुरुवात तिथूनच होते.

सात वर्षांचं खरं आहे. आपल्याकडचा नेहमीचा रस्ता म्हणजे पाच वर्षं बी.आर्क. आणि मग दोन वर्षं मास्टर्स. दिल्लीच्या एसपीएमध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) लँडस्केपचा मास्टर्स १९७२ पासून आहे, अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात आहे, भोपाळच्या एसपीएत आहे आणि आपल्याला जवळचं म्हणजे पुण्यातलं बीएनसीए कॉलेज. बी.आर्क.साठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच, ते तू ठेवलंयस, चांगलं केलंस, आणि त्यासोबत नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा नाहीतर जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर द्यायचा. बी.आर्क. सांगलीतही होतं, बिरनाळे कॉलेज आहे, म्हणजे पहिली पाच वर्षं घरात राहून काढता येतील. फक्त सबमिशनच्या आठवड्यात नर्सरीला हात लावायलाही वेळ मिळणार नाही, ते घरी आत्ताच सांगून ठेव. मास्टर्सला गेट ही प्रवेश परीक्षा देऊन अ‍ॅडमिशन मिळालं आणि कॉलेज एआयसीटीईच्या (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) स्कॉलरशिपमध्ये बसत असेल तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, त्यात राहण्याजेवणाचा बराचसा भाग निघतो.

कायद्याचं पण माहीत करून घे. स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं रजिस्ट्रेशन लागतं, १९७२ च्या कायद्याप्रमाणं. लँडस्केपसाठी मात्र आपल्या देशात वेगळं लायसन्स नाही. इसोला म्हणून लँडस्केप आर्किटेक्ट्सची संघटना आहे, २००३ ला स्थापन झालेली, तिची मेंबरशिप असते पण ते लायसन्स नव्हे. त्यामुळं कुणीही लँडस्केपिंगचा बोर्ड लावू शकतं आणि मालकाला फरक कळतो तो पहिल्या मोठ्या पावसात.

आता काम काय असतं. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून घेतलेल्या लेव्हल्स (जमिनीच्या उंची) आणि कंटूर प्लॅन, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचा नकाशा, समोर आल्याशिवाय मी ट्रेसिंग पेपर उलगडत नाही. माती कुठं कापायची, कुठं भरायची, पाणी कुठून कुठं न्यायचं हा ग्रेडिंग प्लॅन, तो बसला की निम्मं काम झालं. साइटवर आधी असलेल्या प्रत्येक झाडाला नंबर घालायचा, बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर. मग रस्ते, पायऱ्या, फरसबंदी, लाइट, ड्रिप, आणि त्यानंतर प्लँटिंग प्लॅन, ज्यात प्रत्येक रोपाचं शास्त्रीय नाव, उंची, पिशवीचा साइज, संख्या. मग बीओक्यू (कामाच्या मापांची यादी), टेंडर, साइटच्या फेऱ्या. पुण्यात तर बरंचसं काम जमिनीवर नसतंच, खाली दोन मजले पार्किंग आणि वर बाग. तिथं वॉटरप्रूफिंग, ड्रेन सेल (पाणी निचरायचे प्लॅस्टिकचे साचे), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड), आणि ओल्या मातीचं वजन स्लॅबला किती झेपेल ते स्ट्रक्चरल इंजिनिअरबरोबर बसून ठरवायचं. लोकांना यातलं फक्त वरचं हिरवं दिसतं.

कुपवाड_साइट

मी सिव्हिलवाला, सांगली मिरज जयसिंगपूर भागात बांधकामं घेतो. ताईंनी शिक्षणाचं नीट सांगितलं, मी कामाचं आणि पैशाचं सांगतो.

आपल्याकडं बंगल्याच्या बजेटमध्ये झाडांचा नंबर सगळ्यात शेवटी येतो, फर्निचर, पीओपी, गेट सगळं होऊन मालकाचे पैसे संपले की मग म्हणतो आता पुढं चार झाडं लावून टाका. डिझाइनची वेगळी फी द्यायची हे अजून पचत नाही लोकांना. सांगलीत बसून फक्त बंगल्यांवर ऑफिस चालवायचं म्हटलं तर सुरुवातीची वर्षं ओढाताण होणार हे पप्पांना आधीच सांग.

पण काम नाही असं म्हणू नका. यूडीसीपीआर ही राज्याची नवीन बांधकाम नियमावली २०२० ला आली, तिच्यात ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटला १० टक्के रिक्रिएशनल ओपन स्पेस, म्हणजे बागेसाठी-खेळासाठी मोकळी जागा, सोडावी लागते. नकाशावर सोडतात सगळे. नंतर त्या जागेत जाऊन बघा, गाजर गवत, बांधकामाचा राडारोडा आणि एक मोडका झोपाळा. त्या ओपन स्पेस नीट करून द्यायला माणूस नाही हो आपल्याकडं, मी स्वतः शोधलाय. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं की पर्यावरण मंजुरी लागते आणि तिथं झाडांचा प्लॅन द्यावाच लागतो, पण तेवढे प्रोजेक्ट इथं थोडे, ते पुण्यात. आपल्या भागात खरं काम आहे ते साखर कारखाने, शिक्षण संस्थांचे कॅम्पस, एमआयडीसीतल्या कंपन्या, मंगल कार्यालयं, हायवेवरची हॉटेलं आणि देवस्थानं यांच्याकडं. यांच्याकडं जमीन आहे, पाणी आहे, पैसाही आहे, फक्त जाऊन समजावून सांगणारं कुणी नाही. किर्लोस्करवाडी १९१० ला निवडुंगाच्या माळावर वसवली, तिथं आजही जाऊन आलं की कारखान्याभोवती झाडांनी काय फरक पडतो ते दिसतं.

आणि रस्त्यांचं काम. २०२० ला रत्नागिरी-नागपूर हायवेच्या कामात आपल्या भोसेचा जुना वड जाणार होता, जवळजवळ ४०० वर्षांचा सांगतात, लोकांनी आवाज उठवला आणि आखणी बदलली. आखणी काढतानाच झाडं बघणारं माणूस टीममध्ये असतं तर एवढी धावपळ कशाला झाली असती? असं माणूस रस्त्याच्या प्रत्येक कामात पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

डाळिंब_आटपाडी

माझं मत जरा वेगळं पडतं. मी हॉर्टिकल्चरवाला. चार वर्षं, सीईटी देऊन कृषी विद्यापीठाचं कॉलेज, सरकारी मिळालं तर फी आर्किटेक्चरच्या मानानं लई कमी, पुढं एम.एस्सी.ला फ्लोरिकल्चर आणि लँडस्केपिंग घेता येतं. महापालिकांच्या उद्यान विभागातल्या जागांना बहुतेक ठिकाणी कृषी नाहीतर उद्यानविद्येचीच पदवी मागतात, तिथं बी.आर्क. चालत नाही. नर्सरी घरची आहे म्हणजे रोपं, मजूर, गाडी सगळं तयार, मेंटेनन्सची कॉन्ट्रॅक्ट घेत गेलीस तर पहिल्या वर्षापासून पैसा येतो.

आणि डिझाइनवाल्यांचा माझा अनुभव सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. प्लँटिंगची यादी येते ती पुस्तकातनं. निम्मी रोपं इथल्या कुठल्याच नर्सरीत नसतात, मग कॉन्ट्रॅक्टर जे मिळेल ते लावतो. आटपाडीच्या माळावर, चुनखडीच्या जमिनीत, उन्हाळ्यात टँकरवर काय जगेल हे ज्यानं जगवून बघितलंय त्यालाच कळतं. आपल्या जिल्ह्यातलं सागरेश्वर बगा. उघडेबोडके डोंगर होते, धों. म. मोहिते आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी झाडं लावली, राखली, १९८५ ला अभयारण्य झालं, आज तिथं हरणं फिरतात. माणसांनी लावलेलं जंगल आहे ते. तिथं कुठला आर्किटेक्ट होता?

ठोसेघर_वारा

मी साताऱ्याचा, सध्या लँडस्केप मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोर्सचं आतलं सांगतो कारण बाहेरून तो फक्त ड्रॉइंगचा वाटतो. पहिल्या वर्षात भूगर्भ, माती, जलविज्ञान, इकॉलॉजी, वनस्पती ओळख आणि इतिहास, आणि रोज स्टुडिओ. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर एका जागेचा उतार, माती, ओढे, झाडोरा, वस्ती असे वेगवेगळे नकाशे एकमेकांवर ठेवायचे आणि मग ठरवायचं की बांधायचं कुठं आणि अजिबात बांधायचं नाही कुठं. दुसरा भाग जास्त अवघड जातो सगळ्यांना, कारण बी.आर्क.ची पाच वर्षं आपण रिकामी जागा दिसली की भरायलाच शिकलेलो असतो.

कास पठार घ्या. समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर, जांभ्याचा सडा (उघडा सपाट खडक), त्यावर मातीचा पातळ थर, आणि पावसाळ्याच्या शेवटी गेंद, तेरडा, सीतेची आसवं. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं आणि गर्दी वाढत गेली. तिथं लँडस्केप आर्किटेक्टनं काय करायचं? एकही फूल लावायचं नाही. पार्किंग किती लांब ठेवायचं, पायवाट कुठल्या खडकावरून न्यायची, पावसाचं पाणी अडेल असा एकही चौथरा नको, लोकांनी उभं कुठं राहायचं. कुंपण घातलं त्यावरून वाद झाला, गुरं चरायची थांबली तर गवत वाढून फुलांचं काय होतं हा प्रश्न निघाला. मला हे सगळं डिझाइनचेच प्रश्न वाटतात आणि यासाठी इथलाच माणूस पाहिजे, ज्याला पठारावरचा जुलै माहीत आहे.

आटपाडीच्या दादांचं रोपांच्या यादीबद्दलचं बोलणं पटतं. आमच्या वर्गातल्या किती जणांनी स्वतःच्या हातानं रोप वाढवलंय हा प्रश्नच आहे. म्हणूनच मिरजेच्या ताईनं या कोर्सला यावं असं मला वाटतं, ती वर्गात आली तर शिकवणाऱ्यांनाही तिला विचारावं लागेल.

अजून एक, दिल्लीला कधी जाणं झालं तर हुमायूनच्या कबरीजवळची सुंदर नर्सरी बघून या. नवी दिल्ली वसवली जात असताना ब्रिटिशांनी रोपं तयार करायला आणि पारखायला वापरलेली जागा, नंतर बरीच वर्षं दुर्लक्षित, आणि मग मोहम्मद शाहीर यांच्या डिझाइनवर ९० एकरांचं उद्यान होऊन २०१८ ला लोकांसाठी उघडली. शाहीर सर एसपीएत शिकवायचे. जुन्या वास्तू, कारंजी, रोपांचे वाफे, दुर्मिळ झाडं सगळं एका आखणीत बसवलंय. आणि दिल्ली लांब वाटत असेल तर साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटांची विहीर आहे, १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली, नाहीतर वाईजवळ मेणवलीचा घाट. वही घेऊन जा आणि पायऱ्या मोजत बसा, पाणी वर आलं की कुठली पायरी बुडते, खाली गेलं की माणूस कुठं बसतो हे काढून बघा.

रोपवाटिका_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पप्पांना सगळं वाचून दाखवलं. त्यांना आटपाडीच्या दादांचं पटलं (होणारच 🙂) पण ओपन स्पेसचं वाचून ते पण विचारात पडले, म्हणाले ते गाजर गवत आपल्याच गल्लीच्या मागं आहे.

माझे दोन प्रश्न राहिलेत. माझी चित्रकला अगदी साधी आहे, एलिमेंटरीला सी ग्रेड होती, त्यानं अडेल का? आणि वाळुंज ताई, सागरेश्वरचं तुम्हाला काय वाटतं? पप्पा म्हणतात त्याचं उत्तर मिळालं तर विचार करू.

वाळुंज

आधी चित्रकला. नाटाला ड्रॉइंगचा भाग आहे, त्याची तयारी करावी लागते, पण तिथं सुंदर चित्रापेक्षा प्रमाण, अंतर, उजेड-सावली समजते का ते बघतात. रोज डोळ्यासमोरचं काहीतरी काढत जा, शेडनेटचा सांगाडा काढ, विहिरीचा रहाट काढ. सी ग्रेडनं काही अडत नाही.

सागरेश्वरबद्दल मला आदरच आहे आणि आटपाडीचे दादा म्हणतात ते खरं आहे, तिथं आर्किटेक्ट नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. डोंगर होता, चिकाटीची माणसं होती, आणि झाडाला वाढायला वीस-पंचवीस वर्षं देता येत होती. शहरात त्याच झाडाच्या खालून गटार जातं, वरून विजेच्या तारा, शेजारून रस्ता, आणि दर पाच वर्षांनी कुणीतरी फूटपाथ उकरतं. तिथं नुसतं झाड जगवता येऊन भागत नाही, त्याची जागा आधी कागदावर भांडून मिळवावी लागते, इंजिनिअरच्या भाषेत, लेव्हलसकट. ते भांडण करायला ही डिग्री लागते.

आणि आपल्या सांगलीला तर जास्तच लागते. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, आमच्या गावभागातल्या घरात काय झालं ते आठवलं तरी अजून त्रास होतो, आणि २०२१ ला परत तेच. एवढा महापूर बागेनं थांबत नाही हे मला पक्कं माहीत आहे, तो धरणं, विसर्ग, वरचा पाऊस यांचा विषय आहे. पण दरवर्षी साध्या पावसात शामरावनगरात जे पाणी तुंबतं ते आपल्या हातातलं आहे. सखल भाग, काळी माती, ओढ्यानाल्यांच्या वाटेवर घरं, प्रत्येकानं आपल्या प्लॉटमध्ये भर टाकून शेजाऱ्यापेक्षा उंच व्हायचं. तिथं ओपन स्पेस रस्त्यापेक्षा खाली ठेवल्या, पाणी आधी त्यांच्यात उतरून मुरेल किंवा हळू पुढं जाईल असं केलं, कडेला करंज, जांभूळ, अर्जुन लावले तर फरक पडतो. आत्ता होतं उलटंच, बाग करायची म्हणजे पहिल्यांदा मुरुमाची भर टाकून ती उचलायची.

नदीकाठाचंही तसंच. आपले जुने घाट पुरात जातात आणि पाणी ओसरलं की गाळ धुऊन परत वापरात येतात, कारण बांधणाऱ्यानं ते बुडणार हे धरूनच बांधले होते. काठावर वाळुंज आणि उंबराचे वृक्ष असायचे, पाण्यात दिवसेंदिवस उभे राहिले तरी तग धरणारे. आता काठ सुधारायचा म्हणजे पेव्हर ब्लॉक, रेलिंग आणि शोभेचे पाम, पूर आला की सगळं वाहून जातं आणि परत टेंडर निघतं. हे बदलायला सांगलीत बसलेली माणसं पाहिजेत. मी पुण्यात आहे, महिन्यातून येऊन हे होत नाही, म्हणून तुझी पोस्ट बघून एवढं लिहितेय.

पप्पांना एवढं सांग की बी.आर्क. केलं म्हणून नर्सरी सुटत नाही. डिझाइन तुझं, रोपं तुमची, आणि यादीत तेच झाड जे तुम्ही स्वतः वाढवलंय. रोपं आपल्याकडनंच घेतोय हे मात्र मालकाला पहिल्याच दिवशी उघड सांगायचं, म्हणजे डिझाइनबद्दल शंका राहत नाही. दोन वर्षांनी बी.आर्क. नको वाटलं तर काय, ही भीती असेल तर आत्ता सुट्टीत एखाद्या ऑफिसमध्ये नुसतं बसायला जा, माझ्याकडं आलीस तरी चालेल, मेसेज कर.

आणि त्याआधी एक काम. तुमच्या नर्सरीचा लेव्हल प्लॅन काढ. दर पाच मीटरवर खुंट्या मार, लेव्हल पाइपनं उंची घे, कागदावर आकडे मांड आणि पाऊस पडला की पाणी कुठून शिरतं, कुठं थांबतं ते बाणानं दाखव. इथं फोटो टाक, मी बघून सांगते.

कुपवाड_साइट

पाइप कशाला, माझ्याकडं ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मापाची पट्टी) आहे, साइट बंद असते रविवारी. पप्पांना घेऊन ये, कसं लावायचं ते अर्ध्या तासात दाखवतो आणि दिवसभर घेऊन जा. बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायचा पक्का बिंदू, म्हणून विहिरीचा कठडा धर, भराव टाकलेली जागा धरू नको, ती पावसात बसते.

डाळिंब_आटपाडी

प्लॅन झाला की मला पण दाखव. कुठल्या वाफ्यात कुठली रोपं मरतात ते त्याच कागदावर लाल पेनानं लिही, पाण्याचे बाण आणि ते डाग जुळतात का बगू.